चौकटीतली बारीक अक्षरं

अण्णा, मी आता ज्या ऑफिसात बसते तिथं बंद पडलेल्या कंपन्यांच्या नोटिसा तयार होतात. कंपनी मोडीत निघाली की घेणेकऱ्यांची सभा बोलवायची, तिची तारीख आणि दावे देण्याची मुदत पेपरात छापायची. एक इंग्रजी पेपर, एक गुजराती. थकलेल्या पगाराचे कामगारही घेणेकरीच. पेपरात आलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं कायदा धरून चालतो. कायद्याचं बरं आहे, त्याला आपल्या गल्लीत राहायचं नाही.

तुमची मिल बंद पडली तेव्हा तुम्ही टपरीवरून पेपर आणायचात. घरात गुजराती वाचता येणारी मी एकटी, चौथीतली. मी भविष्य वाचून दाखवायचे, सिनेमे वाचायचे. एकदा बारीक अक्षरांच्या चौकटीवर बोट ठेवून तुम्ही विचारता, "पोरी, आठे काय लिखेल शे?" वर मिलचं नाव असतं, मला दिसतं. पण शब्द अवघड, आणि बाहेर मैत्रिणी थांबलेल्या. "काही नही, जाहिरात शे," म्हणून मी पळते. तुमचा दावा कधी गेलाच नाही. त्या चौकटीत काय होतं ते मला या नोकरीत कळलं, आणि तोवर तुम्ही नव्हतात.

गेल्या महिन्यातली पलसाण्याच्या डाइंग हाउसची, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याची नोटीस मीच तपासली. तुमच्याबरोबर गावाहून आलेले आपल्या गल्लीतले काका तिथंच रंगाच्या टाकीवर होते. कामगारांना सांगू का, असं साहेबांना विचारलं. "आपणुं काम छापवानुं, वंचाववानुं नहीं," ते म्हणाले. छापायचं आपण, कुणी वाचलं की नाही ते बघायचं नाही. एकाला सांगितलं तर उद्या बाकीचे आपल्याकडे बोट दाखवतील, असंही म्हणाले. घर माझ्या पगारावर चालतं. मुदत संपेपर्यंत मी काकांच्या दारावरून रोज मान खाली घालून गेले.

आज ते ऑफिसात आले. "तुले मालूम व्हतं ना?" साहेब समोरच बसलेले. "मुदत संपनी, काका," एवढंच मी म्हणाले. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, हे मला तोंडपाठ आहे, पण तोंड उघडलं नाही. ते बरं म्हणून गेले. माझी मलाच लाज वाटते, अण्णा. हे पत्र कुठं टाकायचं नाही. काका त्यांच्या ओट्यावर बसलेत, घराच्या खिडकीतून दिसतात. त्या अर्जाचं सांगायला चार दारं चालून जायचं आहे, आणि ते टाळायलाच मी तुम्हाला लिहीत बसले.