तीन म्हणायच्या आत

मंगळवार, ४

झालं एकदाचं! लेकीच्या ऑफिसात जाऊन आले. ती कॉम्प्युटरवरची पानं बनवते — आता दवाखान्यात नंबर लावायचं पान. आधी कागदावर चितारते, मग बनवते. बटणं मोठी, रंग फिके, लुकलुकणारं काही नाही. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं साहेबांचं. दोन मिनिटांत आटपा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून! ते काढा म्हणून ती महिनाभर भांडतेय. शेवटी म्हणाली, माझ्या आईला बसवा. तिला जमलं तर राहू दे.

माझ्याआधी एक शिवणवाली बसली होती. मी तिच्या मागं उभी. तिचं बोट कुठं कुठं पडतंय ते पाठ केलं — वर, खाली, खाली, डावीकडं. मी चौथीत शाळा सोडलेली. अक्षरं लावत बसले असते तर लेकीच्या माणसांत नाक कापलं गेलं असतं. फटाफट दाबून मोकळी झाले.

साहेब हसले. "बघ, तुझ्या आईलासुद्धा जमलं."

घड्याळ राहिलं.

बुधवार, ५

लेक बोलत नाही. जेवली, ताट घासलं, दार लावलं. जुनी खोड. शाळेत मठ्ठ म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी पार मोठेपणी सांगितलं — डोकं मंद नाही, घडण निराळी. गोंगाट, झगझगाट, घाई झाली की आतून कडी लागते. मी म्हटलं होतं, नसते लाड!

रविवार, ९

पान सुरू झालं. धाकट्या बहिणीचा फोन — तीनदा नंबर लावायला गेली, तीनदा वेळ संपली. गुडघा धरून बसलीय. पान बनवणाऱ्याचा सात पिढ्यांचा उद्धार केला. मी नुसतं हं हं केलं. काय सांगणार, कपाळ?

मंगळवार, ११

घरभर पुठ्ठे. प्रत्येकावर गोगलगाय रंगवलीय, खाली मोठी अक्षरं — 'थांबा, वाचतोय.' उद्या तिच्यासारखे आठ-दहा जण हे धरून दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहणार. म्हटलं, नोकरी घालवशील. एवढं काय त्या घड्याळाचं?

तिनं ब्रश धुतला. पुसला. मग बोलली.

"तू तीनपर्यंत मोजायचीस ना, आई. उत्तर मला यायचं. चारला यायचं."

तीनला माझा हात उठायचा.

बुधवार, १२

ती पुठ्ठे घेऊन गेली. भाजी करपली. दोनदा.

शुक्रवार, १४

साहेबांच्या पुढ्यात जाऊन बसले. सांगून टाकलं — मी वाचलंच नव्हतं, शिवणवालीचं बोट पाठ केलं होतं. आता लावा ते घड्याळ. सगळं ऑफिस गोळा झालं. एकेक अक्षर लावत दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचले आणि पान पुसलं गेलं. पुन्हा बसले. पुन्हा तेच. कान तापले, पण उठले नाही. तिसऱ्यांदा साहेबच म्हणाले, पुरे बाई, काढतो.

लेक कोपऱ्यात उभी होती. हसली नाही, रडली नाही.

दहा दिवस आधी तोंड उघडायला काय झालं होतं मला?

शनिवार, १५

सकाळी म्हणाली, तू पाठ केलंस ते मला तेव्हाच दिसलं होतं.

मग बोलली का नाहीस?

मी मोजलं नाही. चहा निवला.

"चारचौघांत तुझं उत्तर चुकलं, असं कसं म्हणायचं?"