आबांच्या अक्षरावर पांढरा हात

मंगळवार, सांजवेळ

चित्रमहोत्सवासाठी आज फुलंब्रीच्या रस्त्यावरची भिंत पांढरी केली. तिच्यावर आबांनी, माझ्या वडलांनी, रंगवलेली खताची जाहिरात होती. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. त्यातला 'ख' माझा हात धरून त्यांनी गिरवून घेतलेला. मी का नाय बोललो? काम जाईल म्हणून?

रंगाचा एक हात दिला तरी 'ख' दिसतच होता. पुण्याची चित्रकार पोरगी म्हणाली, "काका, अजून एक हात द्या, अक्षर दिसतंय."

दिला. मग तिनं कागदावरचं चित्र दाखवलं. भिंतीवर म्हातारा पेंटर काढणार आहेत, जाहिरात रंगवणारा. शहराची हरवलेली कला म्हणे.

कागदावर त्याच्या ब्रशपुढं भिंत कोरीच आहे.