भोंग्याचे तोंड

१९ जानेवारी १९८२
शाळा सुटल्यावर पाटलांनी बोलावले. यंदा शंकरपटाच्या शर्यतीचा पुकारा गावोगाव फिरून करायचा. छकड्यावर माईक बसवणार. बोलायचे मी. "तुमच्यासारखा आवाज नाही जी, गुरुजी. एरवी मुके, पन माईक हाती आला का..." छकड्याला बैलजोडी त्यांचीच. हिरा-पवन्या.
आमच्या बबनला जाऊन वर्ष होत आले. हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही.

२० जाने.
हिला सांगितले. तांदूळ निवडायची थांबली. "त्या बैलायचं नाव घ्याल तुमी? त्याच तोंडानं?"
मागच्या पटात बबन धुरेवर होता, कासरा त्याच्या हातात. जोडी अडली म्हणून पाटलांच्या माणसांनी मागे फटाक्यांची लड लावली. बबन खाली, चाक छातीवरून. धुळीत मला काही दिसले नाही. मी माईकवर ओरडलो, पहिला नंबर, हिरा-पवन्या!
पाटलांनी बैलांना गुलाल लावला. त्याच हाताने बबनच्या कपाळाला. "जिंकूनच गेला पोरगा, गुरुजी."

२३ जाने.
साकोलीहून मोहन माईकवाला आला. ट्रॅक्टरची बॅटरी फळीखाली. मशीन हादऱ्याने बिघडू नये म्हणून खाली भाताच्या तणसाचे पोते. भोंगा बांबूवर, तोंड पुढे. मी नुसते हॅलो म्हटले आणि बैल उधळले. कासरा पाटलांच्या रमेशच्या हातात. पार आंब्यापर्यंत फरफटत गेला. गुडघे सोलले.
पाटील हसले. "सोलू द्या. धुरकरी होऊन राहिला."
मोहनने भोंगा मागे फिरवला. "असाच ठेवा जी. बैलायच्या कानाशी वाजला तं मानूस मरते." एकच नट आहे. पान्याने ढिला होतो.
रमेश बबनच्या वर्गातला. जाताना हळूच म्हणाला, "गुरुजी, मले भेव लागते. बाबाले सांगा ना."
"काही होत नाही," म्हटले. पाटलांना सांगितले नाही.

२६ जाने.
झेंडावंदन. मुलांना चिवडा वाटला. पाटील बाजूला घेऊन म्हणाले, "पुकाऱ्यात बबनचं नाव टाका. मागच्या साली मानूस घेतलेली जोडी, असं. गर्दी लोटते पहा."
मी चिवड्याची पुडी खाली ठेवली.
"काहून? आता त्याले का लागनार हाय?"
बरं, म्हटले. आवाज नेहमीसारखाच निघाला.

२७ जाने.
मोहन वायर बांधून गेला. पाना छकड्यात विसरला. मी उचलला. परत पाठवता आला असता, त्याचा भाऊ आमच्याच आळीत राहतो.

२८ जाने.
रजा टाकली. उद्या पुकाऱ्याला सानगडी. रस्ता तलावाच्या पाळीवरून. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगड. धुरेवर रमेशच.
संध्याकाळी तो विचारायला आला, किती वाजता निघायचे. उभ्या उभ्या कुडकुडत होता. हिने आत जाऊन बबनचा मफलर आणला आणि त्याच्या गळ्यात घातला. मग मला म्हणाली, "पोट्ट्याकडं लक्ष ठेवा जी."
पुकारा पाठ केला. बबनचे नाव घेताना अडखळलो नाही. हेच वाईट.
पिशवी दाराशी आहे. पाना पिशवीत. जेवणाआधी एकदा काढून फडताळात ठेवला होता.