सासूबाईंनी विचारलं तेव्हा

रोहा, मंगळवार, रात्र

भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि आज डोकंही टेकलं. टाचा, पाठ, डोकं, सगळं एका रेषेत. शिलाई मशीनवर वाकून वाकून मान पुढे आली होती. घरीच रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत गेले, आता पाठही फारशी दुखत नाही. पण आनंद टिकला कुठे?

सासूबाई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मला जमंल काय गो?"

मी हसले. "आता या वयात कशाला, आई?"

त्या उठून आत गेल्या, कमरेत वाकलेल्या.

का हसले मी? पेणकडच्या मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून त्यांची पाठ गेली. तेव्हा त्यांना कोणी नीट उभं राहायला शिकवलं नाही. आणि माझं डोकं भिंतीला टेकलं, म्हणून मी हसायचं?

दिवाबत्तीनंतर त्या खोलीत खाटेवर पडल्या होत्या, तिथेच खाली चटई अंथरली. "आई, जरा यावर पडा. नुसते गुडघे वाकवायचे, बास."

"नको गो. तू हसशील."

"नाय हसणार."

चटईकडे बघून म्हणाल्या, "उद्या बघू." आणि कूस बदलली.

चटई मी गुंडाळली नाही.