दारांचा उरलेला हिरवा

ताई,

तुझ्या भावाने बाबांची स्कूटर घरीच रंगवली. गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून मी स्वतःला कलाकार ठरवलं. पॉलिश पेपरने जुना निळा रंग खरवडला, पोच्यांत लांबी भरून पत्रा सपाट केला आणि दारांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट ब्रशने फासला. ओघळ असे आलेत, की गाडीला दरदरून घाम फुटलाय असं वाटतं.

बाबांची स्मरणशक्ती किती उरलीय, तुला ठाऊक आहे. माझं नावही गेलं. पण त्या निळ्या स्कूटरवर हात ठेवला की रोज न चुकता म्हणायचे, "ही माझी गाडी, आणि हा माझा धाकटा." त्यांना खूश करायला मी नेमकी तीच नवी केली. अक्कल पाजळली, दुसरं काय!

परवा त्यांना अंगणात आणलं. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, मग माझे माखलेले हात पाहिले.

"पेंटर, आमची निळी कुठंय?"

"बाबा, हीच ती."

"थट्टा नको हो. लवकर द्या. धाकट्याला शाळेतून आणायचंय. उशीर झाला की फाटकाला धरून रडत बसतो येडा."

मी म्हणालो, "हो साहेब, संध्याकाळपर्यंत देतो."

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा ओळखतात ना रे तुला?"

"रोज," मी म्हणालो. म्हणून हे पत्र टपालपेटीत पडणार नाही.

आज सकाळी ते पुन्हा विचारायला आले. मी पुन्हा संध्याकाळचा वायदा केला.

तुझा,
भाऊ