गच्चीवरचा लेसर आणि बाबांची तक्रार

१९ जाने., सोम.
युनिव्हर्सिटीतल्या आमच्या डिपार्टमेंटचा लायडार, हवेतले कण शोधणारं लेसरचं यंत्र, एकदाचा आमच्या गच्चीवर चढला. सरळ वर लावला की जमिनीलगतचं त्याला दिसत नाही, म्हणून आडवा टाकलाय, माणसांच्या डोक्यांवरून, समोरच्या बांधकामाच्या दिशेनं. लेसर कणांवर आपटून परत येतो. किती वेळात आला, त्यावरून कण कुठे आहेत ते कळतं. बाबा खूश. जन्मभर वकिली केलेला माणूस. खोकत खोकत म्हणाले, "या धुळीसाठी बिल्डरला आता सोडत नाही. पुरावा घरातच आहे." २६ला झेंडावंदनानंतर कॉलनीची मीटिंग, बाबा सेक्रेटरी. म्हटलं, देते पुरावा. देणारच.

२१, बुध.
सकाळी सहा ते आठ जमिनीलगत जाड थर. थंडीत हवा वर जातच नाही, सगळ्या मलकपेठेत तेच. ग्राफ दाखवला तर बाबांनी तिथेच बसून तक्रार लिहून काढली, साक्षीदार म्हणून माझं नाव. मी हो म्हटलं. घाई केली. धूळ की धूर ते सांगणारं चॅनेल अजून लावलंच नव्हतं.

२३, शुक्र.
लावलं. धुळीचे कण वेडेवाकडे, त्यांच्यावरून प्रकाश बिघडून परततो. धुराच्या गोल कणांवरून जवळपास गेला तसाच. इथे गेला तसाच येतोय. म्हणजे धूर. आणि थर सुरू होतो आमच्याच कंपाउंडच्या भिंतीशी. दुपारी बांधकामाची धूळ आहेच, पण बाबांचा सकाळचा खोकला तिचा नाही.

२५, रवि.
बांधकाम बंद, थर तसाच. सव्वासहाला खाली उतरले. वॉचमन यादय्या लिंबाचा पाला पेटवून हात शेकत होता, बरोब्बर बाबांच्या बाल्कनीखाली. "साबच बोले मेडम, रोज झाड़ को जलादेना." रोज झाडून पाला जाळायला सांगणारे साब म्हणजे बाबा. कॉलनी चकाचक ठेवली म्हणून येईल त्याला सांगत असतात. आधी हसू आलं, मग रडू.

२६, सोम.
चहाबरोबर सगळं सांगितलं. उलटतपासणी झाली. मशीन चुकत असेल? नाही. वारा? नव्हता. "दुसरा काही अर्थ निघतो का, बघ ना." नाही निघत, बाबा. माझं नाव तेवढं काढा. मग खोकत उठले. फार वाईट वाटलं. पण आकडे बदलणार नाही, तसं वाढवलंय त्यांनीच.

आत्ता पांढरा शर्ट घालून खाली गेले. खिशात दोन्ही कागद, तक्रार आणि माझा ग्राफ. विचारलं, कोणता वाचणार? म्हणाले, "तू ये. समोर बस."