आपण म्हणजे कोण

प्रिय आपास,

शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण दोघी रोजा धरून बाकावर बसायचो आणि दुसऱ्यांच्या डब्यांचा वास घेतला तर रोजा तुटतो का, यावर भांडायचो, ते आज उगाच आठवलं. तुला सलाम, दुलाभाईंना सलाम, तुझ्या गुडघ्यांची विचारपूस. माझी तब्येत उत्तम आहे.

फक्त डॉक्टरांनी रोजे बंद केले, आणि मीठही. (डॉक्टर तरुण आहे, बंद करण्याची हौस दांडगी.) मग फिदया द्यायचा ठरला, म्हणजे चुकलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. पैसे देऊन मोकळं व्हावं, असं घरच्यांचं म्हणणं. पण आपा, सगळं घर रोजा सोडायला बसणार आणि मी पाहुणीसारखी कडेला, हे मला सोसेना. माझ्या वाटचं कोणीतरी माझ्यासमोर बसून जेवावं, एवढाच हट्ट. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली एकटी, विधवा. दिवसभर तापलेल्या इस्त्रीपुढे उभी राहून रोजे धरते. तिला बोलावलं.

काय वाढायचं, हे मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आपण जेवायचं तेच त्यांना वाढायचं." आता आपली शाळा कॉन्व्हेंट. मराठीच्या तासाला ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, एवढंच सिस्टरनी घोकून घेतलेलं. मला वाटलं, मौलवीसाहेब अदबीने माझ्याचबद्दल बोलताहेत. म्हणून मी जेवते तेच तिला वाढत गेले, उकडलेलं आणि बिनमिठाचं. ती घासाघासाला पाणी प्यायची, अवाक्षर बोलायची नाही. (मला ती श्रद्धा वाटली.) मग एका संध्याकाळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी गेले, तर शर्टाच्या कॉलरवरून नजरही न उचलता म्हणाली,

"बाई, रोजे तुम्हाला माफ झाले, मग सजा मला का?"

"अगं, मौलवीसाहेबच म्हणाले, आपण..."

"आपण म्हणजे घरातले सगळे हो! सूनबाईंच्या ताटातलं वाढा की."

ती पुन्हा येऊ लागली आहे. पण सून रोज्यात स्वयंपाक करते, चव बघत नाही. चव बघायला मोकळी अशी घरात मी एकटी. पहिल्याच दिवशी चव बघता बघता वाटीभर रस्सा संपला आणि मुलाने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तेव्हापासून मीठ अंदाजाने पडतं. इस्त्रीवाली पहिला घास घेऊन माझ्याकडे नुसती बघते.

तुझी धाकटी

ता. क. रोजे तुलाही माफ आहेत आणि तुझ्या जिभेला काही झालेलं नाही. चव बघायला ये.

दुसरा ता. क. येच. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. वर ‘उत्तम’ लिहिलं, ती पत्राची रीत. मी घरी नसले तरी इस्त्रीवालीचं जेवण चुकता कामा नये. पहिलं ताट तिला, गरम. मग यांना, पण दोनदा विचार, पहिल्यांदा नकोच म्हणतात. सुनेला बसवून वाढ, ती उभ्यानेच खाते. मुलाला हवं ते दे, माझी खुर्ची तेवढी देऊ नकोस. आणि माझं बिनमिठाचं वाढून झाकून ठेव.